‘गायर’ची तेवीस वर्षं: कोळसा, बॉयलर आणि एक जर्मन क्रूझर

पहिल्या महायुद्धातलं जर्मन क्रूझर म्हटलं की आपल्याकडे ‘एमडेन’चं नाव निघतं. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री मद्रासच्या किनाऱ्यावरचे तेलाचे टँक पेटवणारी तीच. पण त्याच सप्टेंबरात, त्याच आरमाराचं आणखी एक क्रूझर पॅसिफिक महासागरातल्या बेटांमधून कोळसा शोधत फिरत होतं. त्याचं नाव ‘गायर’, म्हणजे जर्मन भाषेत गिधाड. एमडेनवर 10.5 सेंटिमीटरच्या 10 तोफा होत्या, गायरवर त्याच व्यासाच्या 8. कागदावर फार फरक दिसत नाही. मग एक जहाज दंतकथा झालं आणि दुसरं अमेरिकेच्या बंदरात अडकून पडलं, हे कसं? तोफा मोजून याचं उत्तर मिळत नाही. ते तळाशी, बॉयलरमध्ये आणि कोळशाच्या कोठारात आहे.

एमडेन 1909 मध्ये आरमारात आली आणि 23.5 नॉट वेगाने धावायची (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). गायर 1895 चं, आणि नवंकोरं असतानाही त्याचा कमाल वेग 15.5 नॉट, म्हणजे ताशी 29 किलोमीटरच्या आत. नेहमीच्या प्रवासात ते 9 नॉटने चालायचं. रस्त्यावर सायकलवाला जातो तेवढाच हा वेग.

हे कसलं क्रूझर?

‘क्रूझर’ म्हटलं की चिलखती पत्रा आणि मोठ्या तोफा डोळ्यांपुढे येतात. 1890 च्या दशकात या शब्दाची व्याप्ती बरीच मोठी होती. जर्मनीला तेव्हा आफ्रिकेत आणि पॅसिफिकमध्ये नव्या वसाहती मिळाल्या होत्या. तिथे कायम मुक्कामाला राहणारी, झेंडा दाखवणारी, उठाव झाला तर खलाशी उतरवणारी स्वस्त जहाजं हवी होती. त्यासाठी ‘बुसार्ड’ वर्गातली सहा जहाजं बांधली. नावं सगळी पक्ष्यांची: बुसार्ड, फाल्क, झेआडलर, कॉन्डॉर, कॉर्मोरान आणि सर्वांत धाकटं गायर. विल्हेल्म्सहाफेनच्या सरकारी गोदीत 18 ऑक्टोबर 1894 ला गायर पाण्यात उतरलं आणि वर्षभराने, 24 ऑक्टोबर 1895 ला सेवेत आलं.

लांबी सुमारे 84 मीटर, रुंदी 10.6 मीटर, वजन साधारण 1,600 टन, माणसं 160 च्या आसपास. चिलखत अजिबात नाही. बाजूलाही नाही आणि डेकवरही नाही. कोळशाची कोठारं बाजूंना ठेवायची आणि गोळा आलाच तर आधी कोळशात रुतेल अशी आशा धरायची, एवढंच काय ते संरक्षण. सरकारी कागदांत आधी ‘चौथ्या वर्गाचं क्रूझर’, मग ‘लहान क्रूझर’ आणि शेवटी ‘तोफनौका’ अशी त्याची पदावनती होत गेली. माझ्या मते शेवटचं नाव पहिल्या दिवसापासून खरं होतं.

तळ: लाकूड, पितळ आणि पोलाद

विषुववृत्ताजवळच्या कोमट पाण्यात लोखंडी तळ उघडा ठेवला तर काही महिन्यांत त्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतो. तळ खरखरीत झाला की तेवढ्याच वेगासाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. उपाय म्हणजे जहाज सुक्या गोदीत घेऊन खरवडणं आणि रंगवणं. पण जिथे हजार-हजार मैलांत सुकी गोदीच नाही, तिथे काय करायचं?

तांब्याच्या मिश्रधातूवर समुद्री जीव फारसे चिकटत नाहीत, हे जुन्या लाकडी जहाजांच्या काळापासून माहीत होतं. मुंट्झ धातू म्हणजे साधारण 60 टक्के तांबं आणि 40 टक्के जस्त, एक प्रकारचं पितळच. पण हा पत्रा सरळ पोलादावर ठोकला तर खारं पाणी दोघांना जोडून बॅटरी तयार करतं आणि त्यात पोलाद झिजून जातं. म्हणून बुसार्ड वर्गात पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर मुंट्झ धातूचा पत्रा अशी रचना केली. फळ्यांमुळे पितळ आणि पोलाद वेगळे राहतात, आणि पत्र्यामुळे लाकूड पोखरणारे समुद्री किडे फळ्यांपर्यंत पोचत नाहीत. बांधणी महाग आणि जड, पण वर्षानुवर्षं घरापासून लांब राहायचं असेल तर शहाणपणाची. यात कुठे बिघडतं? पत्र्याची एक कड उचलली गेली किंवा फळीच्या सांध्यातून पाणी झिरपलं, की आतल्या पोलादाचा गंज बाहेरून दिसत नाही.

बॉयलर: मोठ्ठा बंब

बॉयलर समजायला जुन्या घरातला तांब्याचा बंब आठवा. मध्ये नळकांडं, त्यात जाळ, आणि भोवती पाणी. गायरच्या चार बॉयलरांचं तत्त्व हेच, फक्त नळकांडं एक नसून पुष्कळ. भट्टीतला जाळ आणि गरम धूर बारीक नळ्यांतून जातो, नळ्यांभोवतीचं पाणी उकळतं, वाफ वर साठते. अशा बॉयलरच्या पोटात पाणी भरपूर असतं. त्यामुळे त्याचा स्वभाव शांत, चुका पोटात घालणारा, पण तापायला अतिशय मंद. थंड बॉयलरला पूर्ण दाबापर्यंत आणायला अर्धा दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. घाई केली तर नळ्या जिथे जाड पत्र्यात बसवलेल्या असतात तो सांधा सैल होतो, कारण पातळ नळी लवकर फुगते आणि जाड पत्रा उशिरा. एकदा तिथून गळती लागली की ती वाढतच जाते.

दुसरा शत्रू क्षार. बोअरचं पाणी तापवणाऱ्या बंबात पांढरी खपली धरते, तसंच इथे. बॉयलरला गोडं पाणी लागतं. इंजिनातून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड करून तेच पाणी पुन्हा बॉयलरमध्ये सोडतात. पण कंडेन्सरची एक नळी जरी फुटली तरी खारं पाणी आत शिरतं. नळ्यांवर खपली बसली की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, धातू गरजेपेक्षा जास्त तापतो, मऊ पडतो आणि फुगतो. तोडगा एकच: बॉयलर विझवायचा, एक-दोन दिवस निवू द्यायचा, आत माणूस शिरवायचा आणि खरवडायचं. फुटलेल्या नळीच्या दोन्ही टोकांना बूच ठोकून ती बाद करायची. प्रत्येक बुचागणिक वाफ थोडी कमी होते. चारपैकी एक बॉयलर सफाईत असला की उरलेल्या तिघांवर जहाज ओढायचं. युद्धकाळात हीच सफाई पहिली चुकते आणि नंतर तीच अंगाशी येते.

इंजिनं दोन, तिहेरी प्रसरणाची. वाफ आधी लहान सिलिंडरात, तिथे थोडी सैल होऊन मधल्यात, आणि शेवटी सर्वांत मोठ्या सिलिंडरात काम करते. एकाच वाफेकडून तीनदा मजुरी. बिनचिलखती जहाजात इंजिन पाण्याच्या पातळीखाली लपावं म्हणून ते आडवं बसवलेलं. त्याची किंमत अशी की पिस्टनचं वजन कायम सिलिंडरच्या खालच्या बाजूवर घासत राहतं. काही वर्षांत सिलिंडर लंबगोल होतं आणि वाफ पिस्टनच्या बाजूने निसटू लागते. नवीन असताना दोन्ही इंजिनं मिळून सुमारे 2,800 अश्वशक्ती देत.

आता कोळशाचा हिशेब. गायरमध्ये सुमारे 320 टन कोळसा मावायचा आणि 9 नॉटने ते सुमारे 3,600 सागरी मैल जाऊ शकायचं. म्हणजे 400 तास, जवळपास 17 दिवस, रोज 19 टन. आता पूर्ण वेग लावा. त्या काळच्या चांगल्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी किलोभर कोळसा लागे, म्हणजे तासाला 2.8 टन. दिवसाला हे 67 टन होतात. कोठार पाच दिवसांतच रिकामं, आणि अंतर निम्म्यावर, 1,800 मैलांच्या आसपास. वेग दुपटीहूनही कमी वाढला, खर्च मात्र साडेतीनपट. शिवाय हा हिशेब स्वच्छ तळ, स्वच्छ नळ्या आणि चांगल्या कोळशाचा. वाटेत हलका कोळसा मिळाला तर धूर जास्त, राख जास्त, आणि आगवाल्यांना भट्ट्या दुप्पट वेळा उकराव्या लागतात.

म्हणूनच या जहाजांना डोलकाठ्या आणि शिडं होती. ती हौसेखातर नव्हती. वारा अनुकूल असला की कोळसा वाचे आणि जहाज कमी डोले.

बाहेरची सात वर्षं

1897 च्या अखेरीस गायर कॅरिबियनकडे निघालं. काही महिन्यांतच स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध पेटलं. क्यूबाच्या बंदरांना अमेरिकी आरमाराचा वेढा होता, पण तटस्थ देशाच्या युद्धनौकेला सौजन्य म्हणून आत-बाहेर करू दिलं जाई. गायरचा कप्तान हेर्मान याकोब्सेन याने ही सवलत पुरेपूर वापरली. जर्मन नागरिकांची विचारपूस करता करता त्याने नाकेबंदी, किल्ल्यांचं नुकसान आणि बुडालेल्या स्पॅनिश जहाजांची अवस्था बारकाईने टिपून ठेवली. हे टिपण इतकं नेमकं होतं की अमेरिकेच्या आरमारी गुप्तवार्ता खात्याने त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. गायरच्या साऱ्या सेवेतली सर्वांत उपयोगी कामगिरी बहुधा हीच, आणि ती एकही गोळा न झाडता झाली.

तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. 1900 मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला तेव्हा होनोलुलूमार्गे पॅसिफिक ओलांडून ऑगस्टअखेर चीफू बंदरात. पुढची चारेक वर्षं चीनचा किनारा, त्यातच रशिया-जपान युद्ध. मार्च 1905 मध्ये ते जर्मनीतल्या कील बंदरात परतलं. सात वर्षांहून जास्त काळ जहाज मायदेशी गेलं नव्हतं. माणसं मात्र तीच नसत. जर्मन आरमार प्रवासी बोटीने नवी तुकडी पाठवून जुनी परत बोलवी. मुंट्झचा पत्रा आणि लाकडी फळ्या इथे वसूल झाल्या म्हणायच्या.

पुढे मोठी दुरुस्ती झाली आणि 1911 मध्ये ते पुन्हा बाहेर पडलं. नेमणूक जर्मन पूर्व आफ्रिकेची, पण इटली-तुर्कस्तान युद्ध आणि मग बाल्कन युद्धं यामुळे बराच काळ भूमध्य समुद्रात गेला. या पर्वात सांगण्यासारखं फार नाही. एव्हाना भावंडांचे दिवस भरत आले होते: बुसार्ड आणि फाल्क भंगारात गेली होती, झेआडलरचा नुसता सांगाडा गोदामासारखा वापरात होता.

1914: चुकीच्या वेळी, चुकीच्या समुद्रात

जून 1914 मध्ये नवं जर्मन क्रूझर ‘क्योनिग्सबर्ग’ पूर्व आफ्रिकेतल्या दार-एस-सलामला आलं आणि गायरला पॅसिफिकमध्ये कॉन्डॉरची जागा घ्यायला सांगितलं गेलं. दार-एस-सलाम ते सिंगापूर साधारण 3,900 मैल. वरचा हिशेब आठवा: कोठार काठोकाठ भरलं तरी हे अंतर एका दमात होत नाही. वाटेतला कोळसा बहुतेक ब्रिटिशांच्या बंदरांत. शांतता असेपर्यंत पैसे मोजले की तो मिळायचा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात युद्ध सुरू झालं तेव्हा गायर आग्नेय आशियाच्या पाण्यात होतं, आणि ती सारी दुकानं एका दिवसात बंद झाली. कप्तान कुर्ट ग्रासहॉफ याच्यापुढे एकच रास्त मार्ग होता: पूर्वेला जाऊन पॅसिफिकमधल्या ॲडमिरल फॉन श्पे याच्या जर्मन ताफ्याला गाठणं. त्यासाठी कोळसा समुद्रातच घ्यायला हवा होता. ‘लॉकसन’ नावाची जर्मन मालवाहू बोट मनिलाहून कोळसा घेऊन निघाली आणि गायरला मिळाली.

भर समुद्रात कोळसा घेणं बोलायला सोपं आहे. दोन जहाजं शेजारी लावायची, तर लाटांवर दोन्ही वेगवेगळ्या तालात वर-खाली होतात, मधले दोरखंड तुटतात, कडा एकमेकींवर आदळतात. म्हणून बेटाआडचं शांत पाणी शोधावं लागतं. मग मालवाहू बोटीच्या पोटात फावड्यांनी पोती भरायची, यारीने उचलायची, डेकवरच्या गोल भोकांतून खाली ओतायची. खाली कोठारात माणसं वाकून कोळसा कोपऱ्यांत सारत असतात. ते केलं नाही तर ढीग भोकाखालीच साचतो आणि कोठार अर्धं रिकामं राहतं. उष्ण कटिबंधात बंद कोठाराच्या आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. हे चाललेलं असताना जहाजावर शत्रू आला तर पळताही येत नाही आणि लढताही नाही.

4 सप्टेंबरला कुसाई बेटावर, आजच्या कोस्रायवर, गायरला ब्रिटिश मालवाहू ‘साउथपोर्ट’ सापडली. तिच्या लोकांना युद्ध सुरू झाल्याचंच माहीत नव्हतं. गायरच्या माणसांनी तिचं इंजिन निकामी केलं आणि ते निघून गेले. पण बोट बुडवली नाही, ही चूक झाली. तिच्या यंत्रकारांनी इंजिन जमेल तसं दुरुस्त केलं, बोट ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला नेली आणि गायर कुठे आहे ते सगळ्यांना कळलं. महायुद्धातली गायरची शिकार एवढीच, आणि तीही निसटली.

तोवर श्पे पुढे गेला होता. त्याचा ताफा 30 ऑगस्टलाच मार्शल बेटांतलं माजुरो सोडून पूर्वेला निघाला होता. गायर तिथे पोचलं तेव्हा समोर मोकळं पाणी. बॉयलर आणि इंजिनं थकलेली, कोळसा तुटपुंजा, आणि 23 ऑगस्टपासून जपानही शत्रू. माजुरोहून होनोलुलू सुमारे 2,000 मैल. तटस्थ अमेरिकेचं तेच एक बंदर आवाक्यात होतं.

तटस्थ बंदराचे नियम

15 ऑक्टोबर 1914 ला गायर होनोलुलूत शिरलं. 1907 च्या हेग करारानुसार युद्धातल्या देशाची नौका तटस्थ बंदरात सहसा 24 तासच थांबू शकते. जहाज समुद्रात टिकण्यापुरती दुरुस्ती करता येते; त्याची मारक क्षमता वाढेल असं काही नाही. कोळसा घेता येतो, पण मायदेशाच्या जवळच्या बंदरापर्यंत पुरेल इतकाच; आणि एकदा घेतला की त्याच देशाच्या बंदरात तीन महिने पुन्हा मागायचा नाही. मुदतीत निघालं नाही तर यजमान देश जहाज स्थानबद्ध करतो.

बॉयलरच्या दुरुस्तीसाठी गायरला मुदत मिळाली. दरम्यान बंदराबाहेर, अमेरिकेच्या हद्दीच्या पलीकडे, जपानची दोन जहाजं येऊन उभी राहिली: युद्धनौका ‘हिझेन’ आणि चिलखती क्रूझर ‘असामा’. हिझेन म्हणजे जपानने पोर्ट आर्थरला रशियाकडून मिळवलेलं ‘रेटविझान’. वजन गायरच्या आठपट, तोफा 12 इंची, एकेक गोळा 300 किलोंहून जड. गायरचा गोळा 14 किलोंच्या घरात. बाहेर पडणं म्हणजे 160 माणसं घालवणं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपली आणि अमेरिकेने गायरला स्थानबद्ध केलं. लॉकसनलाही ठेवून घेतलं. ती मालवाहू असली तरी युद्धनौकेला कोळसा पुरवत आली, म्हणजे तिचीच सेविका, असा युक्तिवाद. जर्मनीने तक्रार केली, उपयोग झाला नाही.

ग्रासहॉफचा निर्णय भित्रा होता असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. श्पेचा ताफा 8 डिसेंबरला फॉकलंडपाशी बुडाला. 20 नॉटहून जास्त वेगाच्या जहाजांनाही तिथून निसटता आलं नाही. फक्त ‘ड्रेस्डेन’ वाचलं.

नाव बदललं, काम तेच

फेब्रुवारी 1917 मध्ये अमेरिकेने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले, त्याच सुमारास गायरमधून धूर निघताना दिसला. जहाज अमेरिकेच्या हाती धड लागू नये म्हणून खलाशांनी यंत्रांची नासधूस केली होती. 6 एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली आणि जहाज जप्त झालं. दुरुस्तीनंतर 15 सप्टेंबर 1917 ला ते अमेरिकी आरमारात दाखल झालं, नाव ‘शुर्झ’. कार्ल शुर्झ हा जर्मनीत जन्मलेला अमेरिकी सेनापती आणि सिनेटर. नाव ठेवणाऱ्याला विनोदाची जाण होती की नाही, कोण जाणे.

31 ऑक्टोबरला चार लहान पाणबुड्या सोबत घेऊन शुर्झ पर्ल हार्बरहून निघालं आणि 12 नोव्हेंबरला सॅन दिएगोला पोचलं. सरासरी काढली तर 8 नॉटच्या जवळपास येते. बावीस वर्षांच्या जहाजाला हे काम शोभणारं होतं. पुढे पनामा कालवा ओलांडून ते अटलांटिक किनाऱ्यावर गस्त आणि सोबतीच्या कामाला लागलं.

19 जून 1918 ला ते न्यूयॉर्कहून फ्लोरिडातल्या की वेस्टकडे निघालं. त्या उन्हाळ्यात एक जर्मन पाणबुडी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजं बुडवत फिरली होती आणि रात्री दिवे मालवून जायची पद्धत पडली होती. 21 जूनच्या पहाटे 4 वाजून 44 मिनिटांनी, नॉर्थ कॅरोलायनातल्या केप लुकआउटजवळ, ‘फ्लोरिडा’ नावाचं मालवाहू जहाज शुर्झच्या उजव्या कुशीत घुसलं. त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जवळपास 12 फूट आत आली. जहाज जिथून हाकतात त्या ब्रिजची उजवी बाजू चुरडली आणि तीन नंबरचं कोळशाचं कोठार बॉयलरखोलीपर्यंत फाटलं. गोळा अडवेल म्हणून बाजूला ठेवलेलं तेच कोठार. कोळशाचा ढीग गोळ्याचा जोर मारू शकतो; हजारो टनांच्या जहाजाच्या नाळेपुढे तो म्हणजे रेतीची पिशवी. बॉयलरखोलीत पाणी शिरलं की भट्ट्या विझतात, वाफ जाते आणि वाफेवर चालणारे पंपही थांबतात. त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही. एक खलाशी दगावला, बारा जखमी झाले, बाकीच्यांना उतरवून घेतलं. सुमारे तीन तासांनी जहाज बुडालं.

आज ते साधारण 33 मीटर खोलीवर पडलं आहे आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद आहे. पाणबुडे तिथे जातात. लाकडी फळ्या गेल्या, पोलादाचा पातळ भाग गेला. वाळूवर अजून ओळखू येतात ते बॉयलर.